न घेतलेलं नाव

ऑस्ट्रेलियात डार्विनला लेकीकडे गेले होते, तेव्हा ती मला तिथल्या तिवी आदिवासींच्या बेटावर घेऊन गेली. तिथे एका शेडमध्ये एक आजीबाई कोरलेला लाकडी खांब रंगवत होत्या. लाकडाचीच फणी कालवलेल्या पिवळ्या मातीत बुडवून खांबावर टेकवली, की ठिपक्यांची अख्खी ओळ उमटायची.

"कोणासाठी हा?" मी विचारलं.

"दिरासाठी. त्याच्या थडग्यापाशी उभा करायचा."

"नाव काय त्यांचं?" मी आपलं सवयीने विचारलं.

फणी थांबली. "दुखवटा सरेपर्यंत ते घ्यायचं नसतं," त्या हळूच म्हणाल्या.

मी ओशाळले. लग्नातल्या उखाण्यानंतर आईने वडिलांचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, 'हे' म्हणायची. ते गेल्यावर मृत्यूच्या दाखल्यासाठी कारकुनाने नाव विचारलं, तेव्हा बिचारीला ते घ्यावंच लागलं. ती इतकं हळू बोलली, की तो खेकसला, "मोठ्याने सांगा, बाई!" त्या माणसाचा राग मी वर्षानुवर्षं जपला होता.

आजीबाईंनी फणी पुन्हा मातीत बुडवली. नाव न घेता दिरासाठी आणखी एक ओळ उमटली. आणि समोर उभा असलेला कारकून आज मी होते.