फ्रीजला हात लावू नये

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. हा किस्सा सांगताना मध्येच कुणी खिदळलेलं मला चालत नाही. आमच्या घरात आधीच पुष्कळ खिदळून झालंय.

तर आमची गाडी. जुनी शाळेची व्हॅन. सीटा काढून मी तिच्यात झोपायला फळ्या, गॅसची शेगडी, एक जास्तीची बॅटरी आणि छोटा फ्रीज बसवला. सगळं मी! आमच्या रायपूरच्या चौबे कॉलोनीतले काकालोक संध्याकाळी फिरायला निघाले की गाडीपाशी थांबायचे आणि मान हलवायचे, "पोट्टी कायतरी करून राहिली बा."

कायतरी! अहो, चालतं-फिरतं घर बांधत होते मी!

बाबांना मात्र ओडिशात ब्रह्मपूरला मावशीकडे जायचं तर ट्रेननंच. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, तीस वर्षं एसी डब्यांची दुरुस्ती केलेली.

"पास आहे, बर्थ भेटते, झोपून जाता येते. तुह्या डब्यात काहून जायचं?"

"बाबा, पुरी बघू, चिल्का बघू. गाडी सरळ बोटीवर चढवायची अन् सरोवराच्या पलीकडे उतरायचं. तुमच्या ट्रेनमध्ये हे होते का?"

"अन् तुह्या आईचं इन्सुलिन?"

आईचं महिन्याचं इन्सुलिन सोबत न्यायचं होतं आणि ते थंड राहायलाच हवं. शेवटी ठरलं असं, की इन्सुलिन नीट पोचलं तर गाडी राहील. नासलं तर परत ट्रेननं यायचं आणि गाडी विकायची.

म्हणजे माझा सगळा जीव त्या फ्रीजमध्ये! निघायच्या आधी मी स्वतः त्याचं बटण फिरवून बरोबर जागेवर आणलं, वर चिकटपट्टी मारली, आणि दारावर कागद लावला: 'फ्रीजला हात लावू नये.' खाली आणखी एक ओळ: 'विशेषतः बाबांनी.'

बाबांनी कागद वाचला. फ्रीजला कान लावला.

"आवाज काहून येत नाही याचा?"

"बाबा, तुमच्या जमान्यातले फ्रीज घुरघुरायचे. हा नवीन आहे. हिरवा लाइट दिसून राहिला ना? मग झालं."

बाबा गप्प बसले. बाबा गप्प बसले की मी जिंकले, असा माझा लहानपणापासूनचा समज.

तिसऱ्या दिवशी आम्ही चिल्काच्या धक्क्यावर. बोटीवर तासभर इंजिन बंद, म्हणजे फ्रीज जास्तीच्या बॅटरीवर चालणार. ती पुरायला हवी. त्यामुळे गाडी बोटीवर चढताच मी पंखा बंद केला, दिवे बंद केले, बाबांच्या फोनचं चार्जिंग काढलं.

"अगं, जीव चालला गर्मीनं," आई म्हणाली.

"एक तास सहन कर. तुझ्याचसाठी आहे हे!"

तेवढ्यात बोटीवरचा माणूस आला. खांद्यावर गमछा, तोंडात पान. त्यानं आत डोकावून हिरवा लाइट पाहिला.

"दीदी, गाड़ी का मेन स्विच बंद करो. गैस का सिलेंडर है अंदर. नियम है."

"गैस मैंने बंद किया है. फ्रीज बंद नहीं होगा."

"दीदी, एक घंटे की बात है..."

"मेरी माँ की दवाई है अंदर! इंसुलिन! खराब हुई तो तुम ज़िम्मेदारी लोगे?"

मी दोन्ही हात पसरून गाडीच्या दारात उभी. बोटीवरचे मोटरसायकलवाले जमले. कुणी म्हणालं, बिचारी बरोबर बोलते आहे. कुणी म्हणालं, नियम म्हणजे नियम. एक कोळीण आजी आपल्या माशांच्या टोपलीजवळून ओरडली, "बेटी, मेरे पास बरफ है! ले लो!"

आता माशांच्या बर्फात माझ्या आईचं औषध? मी फणकारले, "माँजी, मेरा फ्रीज चालू है. बर्फ़ की कोई ज़रूरत नहीं!"

शेवटी तो गमछावाला हात जोडून म्हणाला, "रुको, ऊपर पूछता हूँ." आणि गेला बोट चालवणाऱ्याकडे.

मी घाम पुसत मागे वळले. आई गाडीत नव्हती. ती कोळीण आजीपुढे उकिडवी बसून स्टीलच्या डब्यात बर्फ भरून घेत होती! मग तुरुतुरु आली, मला ओलांडून आत शिरली आणि फ्रीज उघडला.

"आई! दार उघडू नको! गार हवा जाते!"

"कोणती गार हवा?"

मी आत वाकून पाहिलं. फ्रीजमध्ये दुसरा एक डबा, त्यात वितळलेलं पाणी, आणि वरच्या कप्प्यात नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं इन्सुलिन.

"हे काय आहे?"

"बर्फाचं पाणी. पुरीच्या लॉजवरून बर्फ घेतला होता सकाळी. संपला."

"फ्रीजमध्ये बर्फ कशाला?"

"थंड राहायले," आई म्हणाली. जशी काही मीच वेडी. "पहिल्याच दिवशी सरायपालीच्या ढाब्यावर हात लावून पाह्यलं तर आत कोमट. तवापासून बर्फच घालून राहिली मी."

"मग मला सांगायचं नाही?"

"तू लिहिलं होतं ना, हात लावू नये. बटणाले नाही लावला हात. फक्त बर्फ ठेवला."

बाबा शांतपणे पुढे झाले. त्यांनी नखानं चिकटपट्टी सोलली आणि चष्मा वर केला.

"हे कितीवर ठेवलं तू?"

"शून्यावर. शून्य म्हणजे शून्य डिग्री. बाहेरची गर्मी, दाराची उघडझाप धरून आत चार-पाच डिग्री राहील. हिशेब केला होता मी!"

"पोरी," तीस वर्षं एसी डबे दुरुस्त केलेला माणूस म्हणाला, "शून्य म्हणजे बंद. लाइट फक्त करंट आल्याचा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती. पण मह्याचसाठी खास ओळ लिहिली होती ना तू. अन् तुही आई बर्फ घालून राहिली होती, मंग काहून बोलायचं?"

इन्सुलिन वाचलं होतं, गाडीही वाचली होती, आणि दोन्ही वाचवण्यात माझा हात नव्हता!

आणि नेमका त्याच क्षणी तो गमछावाला धावत आला. चेहरा आनंदानं फुललेला.

"दीदी, हो गया! मैंने बहुत विनती की. बोले, माँ की दवाई है, सिर्फ़ आपका फ्रीज चालू रहेगा!"

मोटरसायकलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या!

मी काय सांगणार? पुटपुटले, "धन्यवाद भैया." मग सगळ्यांकडे पाठ करून हळूच बटण तीनवर नेलं. घुर्रर्र! रायपूर सोडल्यापासून त्या फ्रीजनं पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही खास परवानगी काढून.

मी दार लावून वळते तर समोर कोळीण आजी. कमरेवर हात.

"फ्रिज चल गया न, बेटी? तो मेरा बरफ वापस दो. मच्छी खराब होगी."

मी तो बर्फाचा डबा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. बाबा सरोवराकडे तोंड करून उभे होते. खांदे मात्र गदगदा हलत होते.