व्रण नसलेलं ऑपरेशन

वर्षानुवर्षं घशाशी येणारं आंबट पाणी आणि छातीतली जळजळ सोसल्यावर शेवटी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून जठराचं सैल पडलेलं तोंड आतूनच आवळलं. पोटावर ओरखडाही उठला नाही. त्याआधी मला उपाशी ठेवलं, तेव्हा नवरा म्हणाला होता, "एकादशी समज."

घरी आल्यावर नणंद भेटायला आली. मी वरणाचं गाळलेलं पाणी चमच्याने पीत होते. प्रत्येक घोटाला छातीत सुरी फिरत होती.

"वहिनी, टाके बघू."

"बाहेरून काहीच नाही गं," नवरा म्हणाला. तिचा चेहरा पडला. मग त्याने शर्ट वर करून आपल्या अपेंडिक्सचा जुना व्रण दाखवला, आणि ती त्याच्याकडे बघून हळहळत राहिली.

माणसांची दया फार आळशी असते. डोळा पोचेल तिथेच ती थांबते.

"मग रविवारी पुरणपोळ्या करशील ना, वहिनी?" तिने निघताना विचारलं. घसा सोलवटला होता, आवाज फुटेना. मी नको नको म्हणून मान हलवली.

"करील की. हो म्हणतेय," नवरा म्हणाला आणि हरभऱ्याची डाळ आणायला पिशवी शोधू लागला.