दोन पाणकावळे

लाखनीजवळच्या तलावावर मी सकाळी पक्षी पाहायला जातो, तेव्हा एक मासेमार हमखास भेटतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मला गुरुजी म्हणतो. बोलायचं झालं की तो आधी जाळं खाली ठेवतो, कारण हात हलवल्याशिवाय त्याला बोलताच येत नाही.

परवा मी म्हणालो, "तो लहान पाणकावळा त्या मोठ्याचं पिल्लू असणार."

तो दुखावलाच. "पिल्लू कायचं जी गुरुजी! दोघायची जात अलग हाय. थांबा, दाखवतो तुमाले."

सदऱ्यासकट तो पाण्यात शिरला. टुणकन उसळून त्यानं बुडी मारली आणि लगेच भस्सकन वर आला. "हा लहान. आता मोठा पाहा." मान ताठ करून तो रुबाबात तरंगला, आवाज न करता पाण्याखाली सरकला, आणि वर येईचना.

मी चाळीसपर्यंत मोजलं. पाणी हलेना. बुटांसकट मी आत धावलो, चिखलात घसरलो आणि गळ्यापर्यंत बुडालो.

तेवढ्यात मागे, शिंगाड्याच्या वेलांतून त्याचं डोकं वर आलं. हातात वळवळता मासा होता.

"मोठ्याले एवढा टाइम लागते," तो धापा टाकत म्हणाला. "पन तुमी कायले आले पान्यात?"

"तुम्हाला वाचवायला."

"तुमाले पोहता येते का?"

"नाही."

तो इतका हसला, की मासा निसटला. आणि मीही त्याचा खांदा घट्ट धरून हसत सुटलो.