नकाशावरचे ‘सर’

शहापुरात माझं पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं आणि शेणव्याला घरामागे सातेरी मधमाश्यांच्या चार पेट्या. दुकानाला लागून सायबर कॅफे निघाला, तेव्हा कळलं की मधमाश्या पाळणाऱ्यांची इंटरनेटवर एक मराठी साइट आहे. मी लगेच सभासद झालो. मोटार जळून आलेल्या शेतकऱ्याला ‘उद्या या’ सांगून मी तिथे जाऊन बसत असे, कारण देशातल्या मधमाश्यांचं भवितव्य तिकडे ठरत होतं.

सभासद विद्वान होते. राणीमाशीच्या स्वभावावर पानंच्या पानं लिहीत. पेटी कुणाकडे आहे हे विचारणं असभ्यपणाचं समजलं जाई. त्या सगळ्यांत माझं एकाशीच जमत नसे. त्याने नावाच्या जागी दोन आद्याक्षरं ठेवली होती आणि साइटवर सगळे त्याला ‘सर’ म्हणत. पावसाळ्यात फुलं नसतात, म्हणून माश्यांना साखरेचा पाक दिवसाआड द्यावा, असं मी सविस्तर लिहिलं की खाली सरांच्या दोन ओळी येत. ‘इतका पाक दिलात तर मुंग्या पाळाल. पेटीचं तोंड बारीक करा.’ मंडळी वाहवा करत आणि माझं पान वाया जाई. हा माणूस महाबळेश्वरला बंगल्यात राहत असणार, सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाला असणार, असं मी ठरवून टाकलं होतं.

मग साइटच्या पुण्यातल्या चालकांना नकाशाची कल्पना सुचली. प्रत्येकाने उपग्रहाच्या नकाशावर आपल्या घराच्या जागी टाचणी टोचायची, म्हणजे आपण किती दूरवर पसरलो आहोत ते जगाला दिसेल. पुण्या-मुंबईच्या सभासदांनी टाचण्या आपापल्या इमारतीच्या गच्चीवर नेमक्या बसवल्या. आमच्याकडे मात्र उपग्रह गेला त्या दिवशी ढग असावेत. शेणवं शोधलं तर नुसता पांढरा कापूस दिसे. कॅफेतल्या नेटवर तो कापूससुद्धा चौकोना-चौकोनाने उतरत असे. मी अंदाजाने टाचणी टोचली आणि ढग थोडा सरकवून पाहिलं, तर ती धरणाच्या पाण्याच्या मधोमध उभी. दुसऱ्या दिवशी ती काढायला गेलो तर पासवर्ड आठवेना. नवं खातं काढून दुसरी टाचणी जमिनीवर लावली. पहिली पाण्यात राहिली ती राहिलीच.

नकाशा भरत गेला. दोन टाचण्या दुबईलाही लागल्या. तिथले सभासद मध बाटलीतून पाळत असावेत. आणि एके दिवशी सरांची टाचणी लागली. महाबळेश्वरला नाही, आमच्या शेजारच्या तालुक्यात, मुरबाडच्या पुढे घाटरस्त्याला, वैशाखऱ्यात. ज्याच्याशी वर्षभर भांडलो तो माझ्या फटफटीच्या टप्प्यात राहत होता. मी भेटायला येऊ का असं लिहिलं. उत्तर आलं, ‘या. सकाळी या.’

किन्हवली-सरळगाववरून गेलो. वैशाखऱ्याच्या स्टँडवर चहावाल्याला विचारलं, मधमाशीवाले सर कुठे राहतात. त्याने बराच विचार केला.

“सर कोणी नाय रे. माश्या आमच्या सिस्टरकडे हायत.”

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. आसपासच्या पाड्यांवरची निम्मी पोरं त्यांच्या हातची. पांढरे केस, पायांत स्लिपर, आणि परसात ओळीने पेट्या, माझ्यापेक्षा दुप्पट. मुलाने जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला होता. त्यावर त्या एका बोटाने टाइप करत, म्हणून दोनच ओळी. मी त्या दोन ओळींत थोरामोठ्यांचा तुटकपणा वाचला होता.

मी घोटाळलो. ताई म्हणू की बाई म्हणू ते कळेना. शेवटी विचारलं, तुम्ही कधी सांगितलं कसं नाही?

“पहिल्याच दिवशी एकाने सर म्हटलं,” त्या म्हणाल्या. “मग बघितलं, सरांशी कोणी वाद घालत नाय. म्हटलं, राहू दे. तुमी एकटेच घालायचात.”

यात माझं कौतुक होतं की नाही, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. पाकावरून आम्ही दुपारपर्यंत भांडलो. जेवायला वाढताना त्यांनी सांगितलं की वाद समोरासमोर जास्त बरा होतो, टाइप करावं लागत नाही.

इकडे पुण्याला चालकांनी नकाशाचा अभ्यास केला होता. शहापूर-मुरबाड भागात तीन टाचण्या जवळजवळ आहेत, म्हणजे हा उदयाला येणारा मधपट्टा आहे, असं त्यांनी जाहीर केलं. त्या तिनांतल्या दोन माझ्याच होत्या, हे मी लगोलग लिहिलं. त्यावर, ग्रामीण भागातले लोक स्वतःला फार कमी लेखतात, असं उत्तर आलं आणि अभ्यासदौरा ठरला.

एका रविवारी दोन सुमो भरून मंडळी निघाली. मी शेणव्याच्या नाक्यावर थांबलो होतो. ते आधी पहिल्या टाचणीकडे गेले. धरणाच्या काठावर जाळीच्या टोप्या घालून बराच वेळ पाण्याकडे बघत होते, असं नंतर एका मासे पकडणाऱ्याने मला सांगितलं. फोनला रेंज नव्हती. उन्हं चढल्यावर ते नाक्यावर आले, तोवर अभ्यासाचा उत्साह ओसरून भुकेचा सुरू झाला होता. माझ्या पेट्या पाच मिनिटांत बघून सगळे वैशाखऱ्याला निघाले.

बाईंनी दारातच स्वागत केलं. चालकांनी नमस्कार केला आणि त्यांच्या खांद्यावरून आत डोकावून विचारलं, सर आहेत ना घरी? मी म्हटलं, हेच सर. चालक मनापासून हसले. गावाकडचा विनोद आपल्याला फार आवडतो, असंही म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. नंतर त्यांनीच उघड्या हातांनी पेटीतली पोळ्याची चौकट उचलून राणी दाखवली, तेव्हाही एकाने विचारलं की हे सगळं सरांनी शिकवलं का. त्या म्हणाल्या, सरांनीच. तिसरी टाचणीही माझीच, म्हणजे सर मीच, असं ठरवून निघताना मला मधे उभं करून फोटो काढण्यात आला. बाजूला व्हायला गेलो तर दोघांनी दंड धरले.

आठवड्याभरात फोटो साइटवर आला. खाली लिहिलं होतं: मुरबाडचे ज्येष्ठ मधुपालक सर, त्यांच्या घरच्यांनी दिलेल्या चहाबद्दल आभार. मी खुलासा लिहायला कॅफेत गेलो, तर त्याच्या आधीच खाली दोन ओळी होत्या. ‘चहा मी दिला. पेट्याही माझ्या आहेत आणि हे लिहिणारीही मीच.’

 दोन दिवसांनी चालकांनी साइटच्या पहिल्या महिला सभासद म्हणून बाईंचं जाहीर स्वागत केलं. हे चालक साइट चालवायला लागले त्याच्याही आधीपासून बाई तिथे होत्या. लगेच एक महिला विभाग उघडून तो त्यांच्याकडे सोपवला गेला. त्यात मधाचे लेप आणि पाककृती अपेक्षित होत्या. आणि सरांच्या ज्या सल्ल्यांवर वर्षभर माना डोलल्या होत्या, त्या प्रत्येकाला आता आधार मागितला जाऊ लागला. पेटीचं तोंड बारीक करायचं तर किती, कशावरून, कुणाच्या मते. बाई काही दिवस उत्तरं देत राहिल्या, मग थांबल्या.

पुढच्या भेटीत मी कारण विचारलं. त्या पेट्यांच्या पायांखालच्या वाट्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून, पाणी भरत होत्या.

“कंटाळा आला हो,” त्या म्हणाल्या. “आधी माश्यांचं विचारायचे. आता माझंच विचारतात.”

मग तांब्या माझ्या हातात दिला आणि पलीकडच्या ओळीतल्या वाट्या भरायला सांगितल्या.