कोंडवाड्यातली ओळख परेड

ती बैलजोडी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पांढरीशुभ्र, उंच, शिंगे एका साच्यातून काढल्यासारखी. नोकरीत मी खुनाचे तपास केले, दरोडेखोर पकडले, पण ते चेहरे आता नीट आठवत नाहीत. ती जोडी मात्र आठवते.

विदर्भ नुकताच मुंबई राज्यात आला होता आणि माझी यवतमाळला लाचलुचपत खात्यात बदली झाली होती. कार्यालय म्हणजे दोन खोल्या, एक जमादार, दोन शिपाई आणि ढकलल्याशिवाय सुरू न होणारी जीप. या खात्यात माणूस मुळातच थोडा हेवेखोर लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे. शेजाऱ्याच्या घराला नवा रंग दिसला की समाधानी माणूस म्हणतो, छान झाले. आमचा माणूस म्हणतो, आला कुठून? मी या कामासाठीच जन्मलो होतो.

ज्याची ही हकीकत आहे तो एका तालुक्याच्या कचेरीत नायब तहसीलदार होता. नावे मी कोणाचीच सांगणार नाही, तालुक्याचेही नाही. त्याच्यावर मी तक्रार येण्याच्या आधीपासूनच जळत होतो. आम्ही एकाच वयाचे, एकाच वर्षी नोकरीला लागलेले. मी आलो की लोक गप्प होत, तो आला की खुर्ची पुढे सरकवत. माझ्या घरात त्याचे नाव निघाले की पत्नी म्हणे, "किती हसतमुख माणूस आहे!" आणि माझ्याकडे बघे. अशा माणसाविरुद्ध तक्रार आली तर कोणाला वाईट वाटेल?

तक्रार आली पोळ्यानंतर. कळंबकडच्या डोंगरातल्या एका तांड्यावरचा बंजारा शेतकरी सकाळी कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसला होता. जमादाराने त्याला आत आणले. पागोटे नीट बांधलेले, डोळे मात्र लाल.

"साहेब, माही जोडी त्या नायब साहेबाकडं हाय," तो म्हणाला. "जमिनीचा पट्टा हक्काचा होता माहा. पण कागद पुढं सरकेच ना. मंग ते म्हणे, पट्टा पाहिजेन तं जोडी आणून बांध."

"तू बांधलीस?"

"बांधली. पट्टा भेटला."

"कधी?"

"होळीच्या वक्ताले."

मी लेखणी खाली ठेवली. होळीला काम झाले आणि हा भादव्यात तक्रार करतो? लाच देऊन काम झाल्यावर सहसा कोणी आमच्या दारात येत नाही. मी तसे त्याला विचारले.

त्याने पागोटे काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कराले, बाजारात गेलतो. पाहतो तं माही जोडी. पहिल्या नंबराची म्हणून वाजतगाजत फिरवून राह्यले होते. अंगावर रेशमाची झूल. माह्या घरी कधी एवढे चमकले नाहीत ते, साहेब. अन् तो साहेब त्याहीच्या गळ्यात हात टाकून चालून राह्यला होता. मले नाही पाहवलं."

नंतर त्याने एकच प्रश्न विचारला. "जोडी मले परत भेटन ना?"

मी म्हणालो, "कायद्याने जे होईल ते होईल." असे उत्तर देणाऱ्याला उत्तर माहीत असते, हे त्याला कळले असावे. तरी त्याने अंगठा दिला.

जोडी नायब तहसीलदाराच्या साळ्याच्या शेतावर होती. आम्ही पंचांसमक्ष पंचनामा केला आणि मुद्देमाल म्हणून बैल तालुक्याच्या कोंडवाड्यात आणून बांधले. साळ्याकडे गुरांच्या बाजाराची खरेदीची चिठ्ठी होती, शिक्क्यासह. विकणाऱ्याचे नाव होते, पण त्या नावाचा माणूस कोणत्याच गावात सापडेना. एवढ्यावर खटला उभा राहत नव्हता.

वरिष्ठांची परवानगी घेऊन मी नायब तहसीलदाराला डाकबंगल्यावर बोलावले. इस्त्रीचे कपडे, चेहऱ्यावर तेच प्रसिद्ध हसू. दुपारभर मी प्रश्न विचारले आणि तो पान चघळत उत्तरे देत राहिला.

"जोडी साळ्याची आहे, इन्स्पेक्टरसाहेब. मी शेतकऱ्याचा पोरगा. रविवारी जातो, जरा लाड करतो. बैलांचे लाड करणे कोणत्या कलमात बसते?"

शिपाईसुद्धा गालात हसला. त्याला मी दुसऱ्या दिवशी कवायतीला उभे केले, ते वेगळे.

खोटे बोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. कोणी घाम पुसतो, कोणी पाणी मागतो. हा यातले काहीच करत नव्हता. पण उठताना त्याने माझ्या जमादाराला हळूच विचारले, "तिकडे सरकी भिजवून देता ना? कोरडी खात नाहीत ते." त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. मी ते पाहिले, पण त्याचे काय करायचे ते मला सुचले नाही.

मला सुचले ते पुस्तकातले. ओळख परेड. माणसांची होते तशी बैलांची. गावातल्या सारख्याच रंगाच्या आणि उंचीच्या जोड्या गोळा करून त्यांच्यात ही जोडी मिसळायची, आणि तक्रारदाराने ओळखायची. नियमाप्रमाणे ओळख परेड मॅजिस्ट्रेट घेतात आणि पोलिसांनी जवळपासही थांबायचे नसते. मॅजिस्ट्रेट वयस्कर होते, कमी बोलणारे. मालक म्हणून येणाऱ्या साळ्यासोबत आपणही हजर राहू द्यावे, असा अर्ज नायब तहसीलदाराने केला. मी कडाडून विरोध केला. तो समोर उभा राहिला तर तक्रारदार घाबरेल, असे माझे म्हणणे होते. मॅजिस्ट्रेटांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि अर्ज मंजूर केला. त्या निर्णयाचे श्रेय पुढे त्यांनाच मिळाले, आणि ते मला अजून टोचते.

मी कोंडवाड्याच्या भिंतीपलीकडे, रस्त्याच्या कडेच्या बाभळीखाली उभा राहिलो. दिसत काही नव्हते, ऐकू मात्र सगळे येत होते. आधी मॅजिस्ट्रेटांचा आवाज. मग तांड्यावरच्या त्या माणसाने गोरबोलीत, आपल्या बंजारा भाषेत, हाक घातली, लेकराला घालावी तशी. घुंगुरमाळ हलली.

"आला माहा राजा," तो म्हणत होता. "गळ्याखाली खाजवू? हे पाह्य, ठेव खांद्यावर मान."

"हात काढ!" हा दुसरा आवाज. मी चमकलो. हसतमुख माणसाचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"काहून काढू? माह्या हातचे हायेत."

"होते तुह्या हातचे! तूच आणून बांधले ना माह्या दारात? पट्टा पाहिजे होता तवा नाही आठवला राजा? सहा महिने मी त्याचं केलं, पोळ्याले म्या खांद्याले हळद-तूप लावलं, अन् तू आता कोणत्या तोंडानं लाड करून राह्यला?"

भिंतीपलीकडे एक बैल फुरफुरला. मग मॅजिस्ट्रेट आपल्या कारकुनाला शांतपणे म्हणाले, "शब्दशः लिहून घ्या."

पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण हे वाक्य मॅजिस्ट्रेटांसमोर, कोणी न विचारता निघाले होते आणि पोलीस भिंतीच्या पलीकडे होते. खरेदीच्या चिठ्ठीला आता काही अर्थ उरला नाही. साळ्यानेही पुढे जबाब बदलला. शिक्षा झाली, नोकरी गेली. वरून मला शाबासकीचे पत्र आले. मी ते पत्नीला दाखवले, तर ती म्हणाली, "बिचारा."

जोडी मात्र तक्रारदाराला मिळाली नाही. दबावाखाली का होईना, त्याने ती स्वतःहून दिली होती. म्हणून कोर्टाने ती सरकारजमा केली आणि जाहीर लिलाव ठरला. पट्टा त्याच्या हक्काचा होता, तो राहिला. निकाल मी त्याला समजावून सांगितला. तो म्हणाला, "जमीन हाय, अन् वाहाले बैल नाही. बरं झालं."

लिलावाला दोघेही आले होते. अपिलात जामिनावर सुटलेला तो, आता साध्या धोतरात, आणि हा तांड्यावरचा. दोघांनीही बोली लावली. थोड्याच वेळात दोघांचीही ऐपत संपली. बोरी अरबकडच्या एका शेतकऱ्याने जोडी घेतली आणि कासरा धरून निघाला.

मी सह्या आटोपून बाहेर आलो तर ते दोघे त्या शेतकऱ्याच्या मागोमाग चालले होते.

"भाऊ, डाव्याले आधी पाणी दाखवजो," तांड्यावरचा सांगत होता. "नाही तं तो रुसते."

"अन् सरकी रातभर भिजव," माजी नायब तहसीलदार म्हणाला. "कोरडी तोंडात घेत नाही."

घेणारा नुसता हो हो म्हणत होता. त्याला घरी पोहोचायची घाई होती. गावाच्या नाक्यापर्यंत ते दोघे गेले आणि थांबले. जोडी वळणाआड गेली. मग तांड्यावरचा माणूस त्याच्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्याकडं चांगले राह्यले होते, साहेब. मले तेच नाही सहन झालं."

माजी नायब तहसीलदाराने नुसती मान हलवली.

कागद माणसाला जितके वाचवतात, तितकेच त्याची माया त्याला उघडे पाडते, हे मी त्या प्रकरणात शिकलो आणि पुढे तपासात त्याचा उपयोगही केला. बढत्या मिळाल्या, बदल्या झाल्या, निवृत्त झालो. ज्याच्यामागे नाक्यापर्यंत चालत जावे, असे मात्र माझ्या हातून कधी काही गेले नाही, कारण तसे माझ्या हातात कधी काही नव्हतेच. एकाची नोकरी गेली होती, दुसऱ्याचे बैल गेले होते, आणि खिशात शाबासकीचे पत्र घेऊन उभा असलेला मी त्या दोघांवर जळत होतो. खरे सांगायचे तर अजूनही जळतो.