पडद्यामागचा व्यायाम

मंडळी, आजच्या पाऊण तासाच्या व्यायामाला मला अडीच तास लागले. त्यातला बराचसा वेळ शर्टाच्या बटणांनी खाल्ला. पार्किन्सनमध्ये असंच चालतं.

चौसाळ्यातल्या आमच्या किराणा दुकानात, पडद्यामागं मोबाइल उभा करून मी हा ऑनलाइन वर्ग करतो. आज आवाजाचा व्यायाम होता. "पोटातून, मोठ्यानं 'आऽऽ' म्हणा," वर्ग घेणाऱ्या ताई सांगत होत्या. मला हसू आलं. हमाली करून हे दुकान टाकलं, पण ते चालवलं याच आवाजावर. रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक मी एका हाकेत आणायचो.

तेवढ्यात पुढून जुनं गिऱ्हाईक बोललं, "अण्णा कुठं हायत? भाव त्येंच्याशीच बोलतो."

माझा मुलगा म्हणाला, "त्येंना आता काय कळतंय? आत मोबाइलपुढं नाचायलेत."

हात थरथरला म्हणजे अक्कलही गेली, असं तुमच्या घरातही धरतात का हो?

मी सगळा जोर लावून ओरडलो, "कळतंय रं, समदं कळतंय मला!"

पडद्यापलीकडं भाव ठरत राहिला. मोबाइलमधून ताई म्हणाल्या, "अण्णा, नुसते ओठ हलतायत. माईक सुरू करा."

माईक सुरूच होता.