गळ्यात पट्टा

सुदर्शनला पुण्यातली बहुतेक माणसं तुच्छ वाटत. सकाळी सहकारनगरच्या कोपऱ्यावर कंपनीची बस यायची, तेव्हा रांगेतले सगळे ओळखपत्र गळ्यात अडकवून शहाण्यासारखे उभे असत. त्यांना बघून याच्या कपाळावर आठ्या चढत. ओळखपत्र याच्याकडेही होतं, पण तो ते पँटच्या खिशात ठेवी. एवढीच काय ती बंडखोरी!

हिंजवडीत तो दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढी. पगार उत्तम होता. त्याचाही सुदर्शनला तिटकारा होता, आणि तो तिटकारा दर महिन्याला न चुकता बँकेत जमा होई.

खरा सुदर्शन शनिवारी जागा व्हायचा. बुधवार पेठेतून जुने सुटे भाग आणायचे, लहान मुलांचा बॅटरीवरचा पियानो उसवायचा, त्याचा चिरका आवाज कॉम्प्युटरमध्ये भरायचा आणि त्यावर इलेक्ट्रिक गिटार बदडायची. पंक आणि इलेक्ट्रॉनिक यांचा हा संकर. पंक म्हणजे ऐकणाऱ्यालाच शिव्या घालणारं रॉक, असं त्याने वडिलांना समजावलं होतं. बँकेतून निवृत्त झालेले महिपतराव दारातूनच म्हणाले, "वाजतंय की बिघडलंय, तेवढं सांग. बिघडलं असेल तर माणूस बोलावतो." आईने त्याची मुद्दाम फाडलेली जीन्स रफू करून ठेवली.

दोन हजार सहा साली कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात 'आपल्यातले कलाकार' असा कार्यक्रम ठरला आणि सुदर्शनने आपण होऊन नाव दिलं. बेत पक्का होता. गाणं असं वाजवायचं की निम्म्यातच स्टेजवरून खाली ओढतील. मग साहेबांच्या हातावर राजीनामा ठेवायचा आणि उरलेलं आयुष्य गिटारला द्यायचं. राजीनामा घडी घालून शर्टाच्या खिशात तयार होता. फक्त अपमान व्हायला हवा होता. अपमानाशिवाय नोकरी सोडण्याची याची छाती नव्हती, पण हे तो स्वतःशीही कबूल करत नसे.

जेवणं आटोपल्यावर त्याचा नंबर आला. समोर कर्मचारी, त्यांच्या बायका, पोरं, आईवडील. महिपतराव दुसऱ्या रांगेत.

"गळ्यात पट्टा! भुंक!" सुदर्शन किंचाळला.

हॉल गप्प झाला. सुदर्शनला धन्य वाटलं. मग कॉम्प्युटरचा ठेका सुरू झाला. खास संतापाचा म्हणून दोन महिने राबून रचलेला. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी हळूच टाळी धरली. मग त्यांच्या सुनेने धरली. मग सगळ्या हॉलने. आता याने "भुंक!" म्हटलं की चारशे गळे आनंदाने "भुंक!" म्हणू लागले. पोरं तर खरोखरच भुंकत होती.

सुदर्शनने वडिलांकडे पाहिलं. महिपतराव डोळे मिटून टाळ्या वाजवत होते, आणि ते बघताच त्याच्या लक्षात आलं. ठेका आरतीचा होता. सोसायटीच्या गणपतीत बारा वर्षं, दहा दिवस, दोन्ही वेळा त्यानेच झांजा बडवल्या होत्या. राग काढायला बसला तेव्हा हातातून तेच निघालं.

त्याला कोणी खाली ओढलं नाही. उलट साहेब वर आले, शाल-श्रीफळ घेऊन.

"काय एनर्जी आहे, सुदर्शन! नेक्स्ट इयर पण हवं हं."

सुदर्शनने नारळ घेतला आणि लहानपणच्या सवयीने वाकून साहेबांच्या पायाला हात लावला. साहेब त्याच्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठे. वाकताना खिशातला कागद खाली पडला. साहेबांनीच तो उचलला.

"काही महत्त्वाचं आहे का?"

"नाही सर," सुदर्शन म्हणाला, "गाण्याचे शब्द आहेत."

कागद त्याने शालीखाली दडवला. मग पँटच्या खिशातून ओळखपत्र काढून गळ्यात अडकवलं. मेळाव्याच्या परतीच्या बसमध्ये त्याशिवाय घेत नसत.